छबी कुणाची, मालकी कुणाची?

वर्तमानपत्रात रोज प्रसिद्ध होणाऱ्या निधनवार्ता आणि स्मृतिदिनाच्या जाहिराती जरा बारकाईने पाहिल्या, तर एक गोष्ट ध्यानात येते. दिवंगत पुरुषाचे छायाचित्र बहुधा त्याचे एकट्याचे असते. नोकरीच्या अर्जासाठी, बढतीच्या वेळी किंवा सत्काराच्या निमित्ताने ते मुद्दाम काढून घेतलेले असते. स्त्रीचे छायाचित्र मात्र पुष्कळदा कोठून तरी कापून काढलेले असते. खांद्यावर दुसऱ्या कुणाची तरी बोटे राहून गेलेली असतात, कडेला शालूचा काठ किंवा फेट्याचा तुरा डोकावत असतो आणि तिची नजर कॅमेऱ्याकडे नसून पंगतीकडे असते. कारण ते चित्र मुळात तिचे नसतेच. ते मुलाच्या लग्नाचे, नातवाच्या बारशाचे किंवा कुणाच्या तरी साठीशांतीचे असते. साठ-सत्तर वर्षांचे आयुष्य जगून गेलेल्या स्त्रीचे, केवळ तिचे म्हणून आणि तिच्या इच्छेने काढलेले एकही चित्र घरात सापडू नये, ही बाब वरवर पाहता लहान वाटते. परंतु तिच्या मुळाशी असलेला प्रश्न लहान नाही.

अलीकडे या परिस्थितीत बदल होऊ लागला आहे. काही स्त्रिया व्यावसायिक छायाचित्रकाराकडे वेळ ठरवून जातात आणि स्वतःची, एकटीची छायाचित्रे काढून घेतात. निमित्त कधी पन्नाशी पूर्ण झाल्याचे असते, कधी सेवानिवृत्तीचे, कधी उशिरा मिळवलेल्या पदवीचे, तर कधी कर्करोगासारख्या आजारातून पुन्हा उभे राहिल्याचे. या चित्रात नवरदेव नसतो, पाळणा नसतो आणि सत्कारमूर्तीही दुसरी कुणी नसते. त्यामुळे टीकाही ठरलेली असते. ‘आता या वयात हे काय?’, ‘मिरवण्याची हौस’, ‘हातात मोबाईल असताना हजारो रुपये कशाला घालवायचे?’ असे प्रश्न घरातच विचारले जातात आणि विचारणाऱ्यांत स्त्रियाही असतात. हौसेला मोल नाही असे एरवी म्हणणारा हाच समाज स्त्रीच्या हौसेचे मात्र पैपैने मोल करू लागतो. हा निवाडा कितपत न्याय्य आहे, हे तपासून पाहणे अगत्याचे आहे.

दाखवण्याचा फोटो

स्त्रीने छायाचित्रकाराकडे जाणे ही गोष्ट मराठी मध्यमवर्गाला नवी आहे, असे म्हणणे वस्तुस्थितीला धरून होणार नाही. फोटो काढला की आयुष्य कमी होते ही समजूत ज्या घरांत होती, त्या घरांतील मुलीदेखील लग्नाच्या वयाच्या झाल्या की स्टुडिओची पायरी चढत. पत्रिकेबरोबर पाठवावयाचा ‘दाखवण्याचा फोटो’ हा कित्येक पिढ्यांतील मुलींचा पहिला, आणि अनेकींच्या बाबतीत एकट्याने काढलेला अखेरचा फोटो होता. शेजारणीकडून मागून आणलेली साडी, आईच्या गळ्यातून तिच्या गळ्यात आलेला हार, मागे रंगवलेला पडदा, बाजूला फुलदाणीचे तिवई-टेबल आणि ‘जरा हसा, पण दात दिसू देऊ नका’ ही सूचना, असा तो सोहळा असे. सावळ्या मुलीच्या बाबतीत छायाचित्रकार निगेटिव्हवर पेन्सिल फिरवी आणि कागदावर तिचा वर्ण उजळून निघे.

या फोटोसाठी पैसे मोजताना कुणी कधी उधळपट्टीची भाषा केली नाही. उलट, स्थळे येत नसली की ‘फोटो चांगला आला नसेल, दुसऱ्या स्टुडिओत काढून पाहा’ असा सल्ला दिला जाई. खर्च वडील करीत, प्रतींची संख्या वडील ठरवीत, त्या कुणाकडे पाठवावयाच्या हेही तेच ठरवीत आणि परत आलेल्या प्रती त्यांच्याच कपाटात राहत. पसंती-नापसंतीची मोहोर उठवणारी माणसे परगावची, अपरिचित असत. चेहरा तेवढा मुलीचा असे. अनोळखी घरांतून आपले चित्र हातोहाती फिरते आहे याचे तिला काय वाटत असेल, हा प्रश्न हिशेबात नव्हता. अर्थात त्या वडिलांना दोष देण्याचे कारण नाही. काळजी आणि रूढी या दोहोंच्या कात्रीत सापडलेली ती माणसे होती. परंतु त्या व्यवहाराचे स्वरूप काय होते, हे मात्र स्पष्टपणे मान्य करावयास हवे.

हिशेबाची दोन मापे

येथे अर्थशास्त्रातील एक साधा भेद उपयोगी पडतो. ज्या खर्चातून पुढे परतावा अपेक्षित असतो त्याला गुंतवणूक म्हणतात. ज्याचा लाभ तेथल्या तेथे घेऊन संपतो त्याला उपभोग म्हणतात. दाखवण्याचा फोटो ही कुटुंबाच्या दृष्टीने गुंतवणूक होती, कारण लग्न जुळणे हा तिचा परतावा होता. लग्नाचा अल्बम हीदेखील प्रतिष्ठेतील गुंतवणूकच. पन्नाशीतील शिक्षिकेने किंवा कारकून स्त्रीने स्वतःसाठी काढून घेतलेल्या चित्रातून मात्र कुटुंबाला कसलाच परतावा मिळत नाही. त्याचा लाभ तिचा, समाधान तिचे. म्हणून ती उधळपट्टी ठरते. याचा अर्थ असा की, स्त्रीवर होणारा खर्च समाजाला खुपत नाही. ज्याचे फळ केवळ तिच्याच पदरात पडते, असा खर्च खुपतो. शालू हा घराण्याचा मान असतो, सोने ही अडीअडचणीची पुंजी असते, मुलीचे शिक्षण पुढे नोकरीला उपयोगी पडते. ज्याच्या समर्थनार्थ दुसऱ्या कुणाचे तरी नाव घेता येत नाही, अशा खर्चाला खतावणीत रकानाच नसतो.

ही गोष्ट पैशापुरतीच मर्यादित नाही. वेळेचाही हिशेब असाच आहे. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०१९ च्या कालविनियोग पाहणीनुसार, घरातील विनावेतन कामे करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाकाठी सरासरी २९९ मिनिटे देत होत्या, तर अशी कामे करणारे पुरुष ९७ मिनिटे. २०२४ च्या पाहणीत हे आकडे अनुक्रमे २८९ आणि ८८ असे आले. पाच वर्षांत स्त्रियांची दहा मिनिटे वाचली, पण पुरुषांनीही आपली नऊ मिनिटे वाचवून घेतली. दोहोंतील अंतर जवळजवळ जेथल्या तेथे राहिले. रोजचे हे पावणेपाच-पाच तासांचे श्रम राष्ट्रीय उत्पन्नाच्या गणनेत धरले जात नाहीत. घराच्या अल्बममध्येही नेमके हेच घडते. पंगतीच्या फोटोत वाढणारीचा हात दिसतो, चेहरा दिसत नाही. ज्या स्त्रीचा दिवस असा वाटला गेलेला असतो, तिने एका दुपारचे दोन तास कुणासाठीही काहीही न करता, केवळ स्वतःच्या चेहऱ्यासाठी राखून ठेवावेत, यात पैशापेक्षा मोठा व्यवहार घडतो. खरे पाहता, ‘पैसे कशाला घालवलेस?’ या प्रश्नाआड ‘तेवढा वेळ तू आमच्यातून काढलासच कसा?’ हा प्रश्न दडलेला असतो.

पुराव्यापुरता चेहरा

शासनाने स्त्रीला चेहरा दिला, हे खरे आहे. १९९३ पासून मतदारांना छायाचित्र असलेली ओळखपत्रे देण्यास सुरुवात झाली. २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या गावी देशातील पहिले आधार क्रमांक देण्यात आले आणि पहिला क्रमांक एका आदिवासी स्त्रीला मिळाला. ज्या लक्षावधी स्त्रियांचे आयुष्यात एकही छायाचित्र निघाले नव्हते, त्यांचे ते अशा रीतीने निघाले. या सुधारणेचे महत्त्व कमी लेखण्याचे कारण नाही. बँकेतील खाते, शिधापत्रिका, निवृत्तिवेतन हे सारे आज त्यावर अवलंबून असते. परंतु ते चित्र ओळख पटवण्यासाठी असते. समोरच्या खिडकीतील कारकुनाची खात्री झाली की त्याचे काम संपते. आधारपत्रावरील आपल्या फोटोला सर्वच जण हसतात ते उगाच नव्हे. मी कोण आहे हे सिद्ध करणारे चित्र वेगळे आणि मी कशी आहे हे सांगणारे चित्र वेगळे.

आपल्या चेहऱ्याचे दुसरे चित्र असावे ही इच्छा आजच्या चैनीच्या युगात जन्मली, असेही समजू नये. छायाचित्रणाची कला १८३९ मध्ये पॅरिसमध्ये जगापुढे आली आणि १८५४ मध्ये मुंबईत छायाचित्रणाची संस्थाही स्थापन झाली. पडदानशीन स्त्रियांपर्यंत मात्र ती पोहोचणे अवघड होते. लाला दीनदयाळ यांनी १८९२ च्या सुमारास हैदराबादेत खास स्त्रियांसाठी जनाना स्टुडिओ उघडला आणि त्याचे काम एका इंग्रज स्त्रीकडे सोपवले. मराठवाडा तेव्हा निजामाच्याच राज्यात होता, हे लक्षात घेतले तर ही हकिकत फार दूरची वाटणार नाही. स्त्रियांच्या मागणीखातर निराळा स्टुडिओ आणि छायाचित्रकार म्हणून स्त्री नेमावी लागली, एवढी ती मागणी खरी होती. अर्थात ती पुरी करण्याची ऐपत अमीर-उमरावांच्या घरांतच होती.

याच्या काही वर्षे आधीचे एक छायाचित्र मराठी वाचकाला अधिक जवळचे वाटेल. १० ऑक्टोबर १८८५ रोजी अमेरिकेत फिलाडेल्फिया येथे वैद्यकाच्या तीन विद्यार्थिनींचे एक चित्र काढले गेले. आनंदीबाई जोशी, जपानच्या केई ओकामी आणि दमास्कसच्या साबात इस्लामबुली या तिघी आपापल्या देशाच्या पोशाखात त्यात बसल्या आहेत. आनंदीबाई तेव्हा वीस वर्षांच्या होत्या. १८८६ मध्ये त्यांना पदवी मिळाली आणि फेब्रुवारी १८८७ मध्ये पुण्यात त्यांचा अंत झाला. ज्या काळी मराठी स्त्रीची ओळख तिच्या नवऱ्याच्या नावाने होत असे, त्या काळी या चित्रात आनंदीबाईंची ओळख त्यांच्या विद्येने होते. आज सव्वाशेहून अधिक वर्षांनंतर त्यांची थोरवी सांगताना ग्रंथांइतकाच त्या चित्राचा आधार घेतला जातो. त्या दिवशी कुणी ‘कशाला हा खर्च?’ म्हणून ते टाळले असते, तर किती मोठे धन गमावले असते, याची कल्पना करावी.

मालकीचा प्रश्न किती मूलभूत आहे, हे त्याच अमेरिकेतील आणखी एका स्त्रीच्या चरित्रावरून कळते. सोजर्नर ट्रुथ ही गुलामगिरीत जन्मलेली कृष्णवर्णीय स्त्री. लहानपणी तिची स्वतःची खरेदी-विक्री झाली होती. पुढे स्वतंत्र होऊन ती गुलामगिरीविरुद्ध व्याख्याने देत फिरू लागली, तेव्हा तिने आपली छायाचित्रे छापून घेऊन ती सभांतून विकली आणि त्यावर आपला चरितार्थ चालवला. त्या चित्रांत बेड्या नाहीत, अंगावरचे वळ नाहीत. शाल, टोपी, हातात विणकाम अशी एक भारदस्त, प्रौढ स्त्री तेथे बसलेली दिसते. १८६४ मध्ये तिने या चित्रांचे हक्क स्वतःच्या नावावर नोंदवून घेतले. जिचा देह एकेकाळी दुसऱ्याच्या मालकीचा होता, तिने आपल्या छबीची मालकी कायद्याने आपल्याकडे घेतली. याला हौस म्हणण्याचे धाडस कोण करील?

आक्षेपांतील तथ्य

असे असले तरी आजच्या प्रथेवर घेतले जाणारे सर्वच आक्षेप झटकून टाकता येणार नाहीत. थॉर्स्टीन व्हेब्लेन या अर्थशास्त्रज्ञाने १८९९ मध्ये सुखवस्तू वर्गाविषयी लिहिलेल्या आपल्या प्रसिद्ध ग्रंथात दिखाऊ उपभोगाची मीमांसा केली. श्रीमंत घरातील स्त्रीच्या अंगावरील वस्त्रालंकार हे तिच्या सुखापेक्षा तिच्या यजमानाच्या ऐपतीची जाहिरात असतात, असे त्याचे प्रतिपादन होते. लग्नाच्या अल्बमला हे वर्णन तंतोतंत लागू पडते. पण नवरा बाजूला झाला म्हणून दिखाऊपणा संपला, असे थोडेच आहे? भाड्याचे दागिने, भाड्याचा वाडा, रंगभूषाकार, केशभूषाकार आणि त्यांची दरपत्रके असा एक नवा बाजार या हौसेभोवती उभा राहिला आहे. मैत्रिणीने काढले म्हणून आपणही काढावे, तिच्याहून भारी काढावे, ही चढाओढ तेथेही शिरते. नवरात्रात कार्यालयांतून ठरलेल्या रंगाच्या साड्या नेसून काढली जाणारी छायाचित्रे पाहा. त्यांत मनमोकळा आनंद निश्चित आहे. परंतु त्या दिवशीचा रंग कपाटात नसलेल्या शिपाई बाईला कडेला उभे राहताना काय वाटते, हेही विचारात घ्यावयास हवे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. चेहऱ्यावर फिरणारी पेन्सिल गेली, पण तिची जागा संगणकाने घेतली. एका नामांकित क्रीमच्या नावातील ‘फेअर’ हा शब्द २०२० मध्ये वगळण्यात आला. छायाचित्राच्या दुकानातून गोरेपणा अद्याप वगळला गेलेला नाही. पन्नास वर्षांच्या स्त्रीच्या कपाळावरील आठ्या पुसल्या जातात, सावळा वर्ण दोन छटांनी उजळवला जातो, कमरेचा घेर आत घेतला जातो. असे चित्र घरी नेणारी स्त्री स्वतःचा गौरव करते की आपण जशा आहोत तशा पुरेशा नाही याची पावती विकत घेते? दाखवण्याच्या फोटोत परक्यांच्या पसंतीसाठी जी फसवणूक होती, तीच येथे स्वतःशी होऊ लागली, तर एवढा खटाटोप वाया गेला असेच म्हणावे लागेल.

तिसरी गोष्ट ऐपतीची. मोलकरणीला, शेतमजूर स्त्रीला हा खर्च झेपणार नाही, हे उघड आहे. मात्र त्यावरून जिला तो झेपतो तिनेही करू नये असा निष्कर्ष निघत नाही. मोबाईलने छायाचित्रे फुकट झाली, हाही युक्तिवाद पुरता खरा नाही. घरात मोबाईल असतो, पण फोटो काढणारी बहुधा तीच असते. सहलीची शेकडो चित्रे निघतात आणि त्यांत आई नसते. शिवाय व्यावसायिक छायाचित्रकार केवळ यंत्राची कळ दाबत नाही. प्रकाश कोणत्या बाजूने घ्यावा, समोरच्या व्यक्तीचे अवघडलेपण केव्हा ओसरते, ती कोणत्या क्षणी स्वतःसारखी दिसते, हे ओळखण्याचे कसब त्याने मिळवलेले असते. पैसे त्या कसबाचे असतात. आणि आपल्याकडे कुणीतरी तासभर एवढ्या लक्षपूर्वक पाहावे, हा अनुभव कित्येक स्त्रियांच्या वाट्याला आयुष्यात प्रथमच येतो.

ताबा कुणाकडे?

तेव्हा अशा चित्राचे मोल ठरवताना हौस की चैन, हा वाद निष्फळ होय. त्यापेक्षा तीन प्रश्न विचारावेत. खर्च कुणाच्या निर्णयाने झाला? चित्र कुणाच्या समाधानासाठी काढले? आणि काढल्यावर ते कुणाच्या ताब्यात राहिले? दाखवण्याच्या फोटोच्या बाबतीत या तिन्ही प्रश्नांच्या उत्तरांत तिचे नाव नव्हते. आता ते येऊ लागले आहे, हाच या बदलाचा खरा अर्थ आहे.

यातील तिसऱ्या प्रश्नावर कायदाही स्त्रीच्या बाजूने आहे, ही गोष्ट फारशी कुणाच्या ध्यानात नसते. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ नुसार, मोबदला देऊन आणि सांगून काढवून घेतलेल्या छायाचित्राचा पहिला हक्क, उलट करार नसेल तर, ते काढवून घेणाऱ्या व्यक्तीकडे जातो, छायाचित्रकाराकडे नव्हे. स्टुडिओच्या दर्शनी काचेत न विचारता लावलेला एखाद्या मुलीचा फोटो सर्वांनीच केव्हा ना केव्हा पाहिलेला असतो. आता त्या काचेची जागा जाहिरातीच्या पडद्याने घेतली आहे. पुष्कळदा पावतीच्या मागे किंवा करारपत्राच्या शेवटच्या ओळीत, चित्रे जाहिरातीसाठी वापरण्याची संमती बारीक अक्षरांत घेतलेली असते. ती ओळ वाचणे, नको असल्यास खोडावयास लावणे, वर्ण उजळवू नये आणि सुरकुत्या पुसू नयेत असे आधीच सांगणे, ही सारी कामे मिळवत्या आणि शिकलेल्या स्त्रीला मुळीच अवघड नाहीत. ज्या शिक्षिका वर्षभर मुलांच्या उत्तरपत्रिका तपासतात आणि ज्या कारकून स्त्रिया दुसऱ्यांच्या धारिकांतील चुका काढतात, त्यांनी स्वतःच्या कागदावर डोळे मिटून सही करू नये, एवढीच अपेक्षा.

कॅमेऱ्यामागेही स्त्री उभी राहू लागली, हा या बदलाचा आणखी एक आश्वासक भाग आहे. होमाई व्यारावाला या भारतातील पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार. त्यांची आरंभीची छायाचित्रे पतीच्या नावाने छापली जात. त्यांना २०११ मध्ये पद्मविभूषण मिळाले. पुढच्याच वर्षी त्यांचे निधन झाले. आज स्वतःच्या नावाने व्यवसाय करणाऱ्या छायाचित्रकार स्त्रियांना तो मार्ग त्यांच्याइतका खडतर राहिलेला नाही. पाहणारी आणि पाहिली जाणारी या दोघीही स्त्रिया असल्या, की ‘दात दिसू देऊ नका’ ही सूचना बहुधा आपोआपच गळून पडेल.

सेवानिवृत्तीच्या समारंभात शाल-श्रीफळ स्वीकारताना स्त्रीचा फोटो निघतो. त्यातही ती वाकलेली असते आणि देणाऱ्याचा चेहरा सरळ असतो. त्यानंतरच्या एखाद्या दुपारी, आपल्याच निवृत्तिवेतनातून पैसे मोजून, रोजच्या साडीत आणि रोजच्या चष्म्यासह तिने कॅमेऱ्यासमोर ताठ बसावे. ते चित्र भिंतीवर लावावे, कपाटात ठेवावे की कुणालाच दाखवू नये, हे तिचे तिने ठरवावे. घरच्या माणसांनी फक्त एवढेच करावे की, त्या खर्चाचा हिशेब मागू नये. पुढे केव्हातरी नातवंडांना आजीचा फोटो हवा होईल, तेव्हा तो दुसऱ्या कुणाच्या लग्नातून कात्रीने कापून काढावा लागणार नाही.